लवू परबाचा कागद आणि एक ते पाचची दुपार

कोरा कागद हातात आला, की लवू परब आधी त्याचं एक टोक धरून कानाशी हलवायचा. खळखळ वाजला, की म्हणायचा, "सुकलो हा." ओल्या कपड्यासारखा दबका वाजला, की म्हणायचा, "पाणी पिलो हा." आणि दोन्हींच्या मधला आवाज आला तर काहीच बोलायचा नाही, कागद गुमान मशीनवर चढवायचा. छापखान्यातले सगळे त्या गप्प बसण्याची वाट बघायचे. लवू गप्प बसला, म्हणजे काम सुरू.

हा छापखाना कुवेतमधल्या शर्क भागातल्या एका मागच्या गल्लीत, सहा मजली इमारतीच्या तळघरात होता. लवू तिथे आला ब्याण्णव साली, लढाई संपून वर्ष होतं न होतं तेव्हा. मूळचा कुडाळच्या पलीकडच्या एका वाडीतला. सोलापूर आणि मुंबईच्या छापखान्यांत शाई खाऊन मोठा झालेला मशीनमन. तो आला तेव्हा जर्मन बनावटीच्या दुरंगी मशीनची मोटर इराकी शिपायांनी उपटून नेली होती, रबरी रोलर चाकूनं चिरले होते आणि उरलेल्या लोखंडावर जळत्या तेलविहिरींची चिकट काजळी बसली होती. कफील, म्हणजे छापखान्याचा कुवेती मालक, म्हणाला, "भंगारात देऊन टाकू?" लवू म्हणाला, "तीन महिने द्या." अडीच महिन्यांत मशीन धावायला लागलं. तेव्हापासून पंधरा वर्षं त्या मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला लवूला चालत नसे.

दुरंगी मशीन म्हणजे एका फेरीत दोन रंग. चार रंगांचं काम असलं, की आज काळा आणि निळा छापायचा, थप्पी सुकायला ठेवायची, आणि उद्या त्याच कागदावर लाल आणि पिवळा. कालच्या निळ्यावर आजचा पिवळा नेमका बसला पाहिजे. ह्या नेमकं बसण्याला छापखान्यात रजिस्टर म्हणतात, आणि लवू परब रजिस्टरचा माणूस होता.

छापखान्यात तसली बारीक नजरेची कामं फार उरली नव्हती. बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, लग्नाच्या पत्रिका छोट्या एकरंगी मशीनवर निघायच्या. मोठं मशीन जगत होतं एका डेअरीवर. लबन, म्हणजे तिकडचं बाटलीतलं ताक, त्याची लेबलं. पेलाभर लबन आणि पेल्याच्या काठावर पुदिन्याचं एक हिरवं पान. तो हिरवा म्हणजे निळ्यावर बसलेला पिवळा. केसभर सरकला, तर एका पानाची दोन पानं होत, एक निळं, एक पिवळं.

दोन हजार सात सालच्या जूनमध्ये लिफ्टच्या दारावर एक नोटीस लागली. आदल्या उन्हाळ्यात गावभर वीज कमी पडली होती. पारा दरसाल चढतोय आणि एसी त्याच्या मागोमाग. म्हणून ह्या उन्हाळ्यात व्यापारी इमारतींचे चिलर, म्हणजे सगळ्या इमारतीला थंड करणारी मोठी यंत्रं, दुपारी एक ते पाच बंद राहतील. वगळलेले: दवाखाने, औषधांची गोदामं, अन्नाची शीतगृहं, संगणक केंद्रं.

छापखान्याचे मॅनेजर हरिश्चंद्र कानिटकर, पुण्याचे, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. त्यांनी नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली.

"ह्यात छापखानो खंय हा?" लवूनं विचारलं. पंधरा वर्षं कुवेतात काढूनही तो कफीलाशी आणि गिऱ्हाइकांशी हिंदी आणि बाकी सगळ्यांशी मालवणीच बोलायचा.

"छापखाना कशाला असेल, परब? तुमच्या मशीनला काय घाम येतो?"

"मशीनाक नाय येणा. कागदाक येता."

"कागदाला घाम?"

"घाम नाय ओ, उलटा. त्येच्या अंगातला पाणी जाता. मग तो आकसता."

"अहो, मग सकाळी छापा ना! सहाला या, एकपर्यंत छापा, घरी जा. मी कफीलाला सांगतो."

लवूनं कपाळाला हात लावला. पुढचा अर्धा तास तो मॅनेजरांना जे समजावत होता, ते पुढे तीन महिने त्याला येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला समजावावं लागलं. सोमवारी सकाळी निळा छापला. मंगळवारी सकाळी पिवळा छापायचा. दोन्ही सकाळी गार. मधली दुपार? ती थप्पी तळघरातच असते ना? एसी बंद, शटरच्या फटीतून भट्टीसारखी कोरडी हवा आत. संध्याकाळी पाचला एसी सुरू झाला, की थप्पीच्या कडा सावरतात, मधला कागद सावरत नाही. सोमवारचा कागद मंगळवारी मापानं तोच राहत नाही.

"कितीसा फरक पडेल?" कानिटकरांनी विचारलं.

लवूनं डोक्यावरचा एक पांढरा केस उपटून त्यांच्या टेबलावर ठेवला. "एवढो."

पहिल्याच आठवड्यात तो केस दिसला. डेअरीचा खरेदी अधिकारी एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस होता, गोल पोटाचा, सतत जपमाळ फिरवणारा, स्वभावानं हसरा. त्यानं लेबलांचा नमुना उचलला, नाकाजवळ नेला, लांब धरला.

"लवू, हबीबी, माझ्या पेल्यात किती पानं?"

"एक, साब."

"मला दोन का दिसतात? मी म्हातारा झालो का?"

लवूनं मान खाली घातली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"ही ठेवतो, कारण तू आहेस," मिसरी म्हणाला. "पुन्हा अशी आली, तर साहेब म्हणतील दुबईला छापा. दुबईवाले रोज फोन करतात. मी किती दिवस फोन उचलायचा नाही?"

तो गेल्यावर कानिटकरांनी चष्मा पुसून पुन्हा कपाळावर चढवला. "परब, हे काम गेलं तर मोठं मशीन कशाला ठेवायचं, असं कफील मला विचारणार."

लवूनं थप्पी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाहिली. कागद सावरला, पण ओल्या शाईला हवा मिळेना; वरच्या कागदाचा निळा खालच्याच्या पाठीला चिकटला. कफीलाला विचारलं, तळघरापुरता वेगळा एसी बसवू? इमारतीचा मालक म्हणाला, वायरिंगला हात लावायचा नाही. मुंबईतल्या जुन्या फोरमनला फोन केला, तर तो म्हणाला, "तू तिथे वाळवंटात आहेस ना? मग कागद वाळणारच की रे," आणि स्वतःच खो खो हसला.

लवू राहायचा रुमैथिया ह्या वस्तीत, एका कुवेती घराच्या आवारातल्या दोन खोल्यांत. बायको विजया सरकारी दवाखान्यात नर्स. तिच्या नोकरीमुळेच मुलीला, योगिनीला, इथे आणता आलं होतं. त्या शुक्रवारी लवू ताटावर बसून नुसता भात चिवडत होता.

"मेल्यांनी यादीत दवाखानो घातलो, औषधा घातली, कॉम्प्युटर घातले," तो म्हणाला. "कागदाचा नाव नाय खंय."

"बरा केला," विजया म्हणाली.

"काय बरा केला?"

"दवाखानो घातलो ता. गेल्या जुलैत आमच्या वॉर्डात तीन वेळा लाइट गेली. जनरेटर सुरू होयसर मी एका बायचो श्वास हातान पंप दाबून चालवी होतंय. सात मिनिटा. हात बघा माझो, अजून वळता." तिनं वाढणं थांबवून मनगट पुढे केलं. "तुमचो कागद दोन पानांचो झालो, म्हणून कोण मराचा नाय."

"तुझा पेशंट आणि माझो कागद एकाच तागडीत कित्याक घालतंस गो?"

"मी नाय घातलंय. वीज एकच हा, म्हणून ती दोघा एका तागडीत पडली. घ्या, सोलकढी घ्या."

लवूनं सोलकढीची वाटी तोंडाला लावली. कुणीतरी मूर्ख असतं, तर रागवायला बरं पडलं असतं. इथे सगळेच शहाणे. नोटीस शहाणी, मिसरी शहाणा, घरातली बायको तर सगळ्यात शहाणी. आणि सगळ्या शहाण्यांच्या मध्ये कागद आकसत होता.

सूट मागायचा अर्ज योगिनीनं टाइप केला. ती अकरावीत होती. मालवणी तिला सगळी कळायची, उत्तर इंग्रजीत यायचं.

"लिही, कागद मरता."

"बाबा, पेपर डझंट डाय."

"मरता. लिही."

"दे विल लाफ ॲट अस."

"हसांदेत. हसण्यासाठी तरी वाचतीत मां?"

तिनं लिहिलं, कागदाला 'गंभीर नुकसान' होतं. लवूनं तीनदा विचारलं, ह्यात 'मरता' खंय हा? ती म्हणाली, "इट्स इम्प्लाइड, बाबा."

अर्ज घेऊन वीज खात्याच्या कचेरीत जायचं काम मंदूबाचं. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं करत फिरणारा माणूस. छापखान्याचा मंदूब होता हुसेन मुकादम, दापोलीकडचा, अरबी पाण्यासारखं बोलणारा, खिशात सहा पेनं बाळगणारा. ह्या वेळी लवूनं त्याच्याबरोबर यायचा हट्ट धरला. हातात मोठी सपाट फाइल, आणि तिच्यात पुरावा: आदल्या दुपारी तळघरात ठेवलेला एक कागद, कडा आत वळलेल्या, आणि गार हवेतला एक ताजा, सरळ. एकावर एक ठेवले, की आंधळ्यालाही फरक कळावा.

"लवूभाऊ," गाडी लावताना हुसेन म्हणाला, "आत तुम्ही तोंड उघडायचं नाय हां. मी बोलतो. तुम्ही फक्त गरीब दिसा."

"दिसतंय तो काय श्रीमंत?"

"थोडे अजून."

नऊ वाजता टोकन घेतलं. दहा वाजले, अकरा वाजले. कचेरीत एवढं गार, की हुसेननं गाडीतून कोट आणून घातला. लवू फाइल मांडीवर उघडी ठेवून बसला; बंद ठेवली तर पुरावा दबेल अशी त्याला भीती. बारा वाजून गेल्यावर नंबर पुकारला.

खिडकीपलीकडे पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशातला एक तरुण अधिकारी होता. त्यानं दोघांना बसवलं, चहा मागवला. हुसेननं अरबीत सुरुवात केली. लवूला त्यातला 'मरीद' एवढाच शब्द कळला.

"काय सांगलंस?"

"तुमचा कागद आजारी आहे म्हणालो."

"बरोबर. दाखव त्येका."

लवूनं दोन्ही कागद टेबलावर एकावर एक ठेवले. अधिकाऱ्यानं वाकून पाहिलं. कोपऱ्याला कोपरा, कडेला कड. दोन्ही सपाट, तळ्यासारखे शांत. चारी बाजू अशा जुळलेल्या, की वरचा कुठला आणि खालचा कुठला हे लवूलाही सांगता येईना.

"मला तर दोघांची तब्येत उत्तम दिसते," अधिकारी म्हणाला.

लवूनं आजारी कागद उचलला, कानाशी नेला, हलवला. मधला आवाज. ज्या आवाजासाठी तो जन्मभर धडपडला, तो आवाज. तीन तास गार हवेत उघडा बसून कागद बरा झाला होता.

"आरे! हो हंयसर येऊन बरो झालो!" तो ओरडलाच. "हुसेनभाई, सांग त्येका! ह्योच तर पुरावो! गार ठेवल्यावर बरो जाता, ह्याच मी सांगतंय!"

हुसेननं सांगितलं. अधिकारी मनापासून हसला, म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह." मग यादीवरून बोट फिरवलं. "अन्न आहे, औषध आहे. कागद नाही. तुमचा कागद कुणी खातं का?"

"नाय."

"मग मी काय करू, काका? एक वाजता आमचाही एसी बंद होतो. आम्ही कामं आटपून घरी जातो. तुम्हीही जात चला."

"मी जाईन," लवू म्हणाला. "कागदाक खंय नेऊ? चार टन हा तो. रुमैथियात दोन खोल्ये माझे. बायल घेतली काय घरात?"

हुसेननं ह्यातलं एक अक्षरही अरबीत नेलं नाही. "शुक्रन, शुक्रन" म्हणत त्यानं लवूला दंडाला धरून उठवलं. पण त्या अधिकाऱ्याचं 'कुणी खातं का' हे वाक्य त्यानं नीट लक्षात ठेवलं, आणि गाडीत बसताच एका पावतीच्या पाठीवर लिहून ठेवलं. लवूचं तिकडे लक्ष नव्हतं. तो फाइल छातीशी धरून पुटपुटत होता, "मेल्या, एवढ्या दिसात कधी बरो झालंस नाय. आजच बरो होवचो होतंस?"

उपाय शेवटी सापडला तो सोलापुरातला. तरुणपणी दोन वर्षं लवू तिथल्या छापखान्यात होता. तिथे चैत्र-वैशाखात कागद असाच खळखळायला लागला, की म्हातारा फोरमन थप्पीभोवती ओली गोणपाटं टांगायचा. लवूनं बाजारातल्या तांदळाच्या व्यापाऱ्याकडून बासमतीची तागाची पोती आणली, उसवली, जोडून पडदे शिवले आणि थप्पीच्या चारी बाजूंनी दोरीवर सोडले. मोठे दोन पंखे आणून लावले. दुपारी एकला एसी थांबला, की हा अर्ध्या अर्ध्या तासानं बादली घेऊन पडदे भिजवायचा. पाचपर्यंत. घरी कोण जातो!

कानिटकर जिन्यावरून वाकून म्हणाले, "परब, हा छापखाना आहे की रोपवाटिका?"

"पुदिनो लावलंय," लवू म्हणाला. "एकाच पानाचो."

आणि खरंच एकच पान आलं. जुलैतल्या दोन खेपा अशा गेल्या, की मिसरी लेबल खिडकीशी नेऊन म्हणाला, "माशाल्ला! मी पुन्हा तरुण झालो." कफील स्वतः तळघरात उतरून आला, ओल्या पोत्याला हात लावून पाहिला आणि लवूच्या पाठीवर थाप मारून गेला. कानिटकरांनी जाहीर केलं, "इराक्यांना पुरून उरलो, आता एसीलाही." दुपारचा चहा ते तळघरात पडद्यांजवळ बसून घ्यायला लागले, वरच्या त्यांच्या केबिनपेक्षा तिथे बरं वाटायचं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डेअरीची वर्षातली सगळ्यात मोठी खेप होती. रमजान तोंडावर आलेला, आणि रमजानमध्ये लबन दुप्पट खपतं. रविवारी सकाळी लवूनं काळा-निळा छापून काढला, थप्पी पडद्यांत ठेवली.

त्या दिवशी त्याला फार छान वाटत होतं. का, ते त्याला कळलं नाही. उन्हाळाभर तडकलेले ओठ मऊ झाले होते. नाक सकाळी कोरडं नव्हतं. सदरा पाठीला चिकटत होता, आणि त्या चिकटण्यात असं काहीतरी ओळखीचं होतं, की तो चक्क गुणगुणत काम करत होता. घरून निघताना विजया पदरानं गळा पुसत म्हणाली होती, "काय उकाडो हो! जीव नको झालो." तो म्हणाला होता, "माका तर बरा वाटता. आज हवा आपली वाटता."

हवा आपलीच होती. कौस सुटला होता. आखातावरून येणारा तो दमट वारा दरसाल उन्हाळ्याच्या शेवटी आठवडा-दोन आठवडे कुवेतला घामानं भिजवून काढतो. एरवीच्या वर्षी तळघरात चोवीस तास एसी, तेव्हा कौस कधी आला, कधी गेला, छापखान्याला पत्ताच नसायचा. भिंतीवर हवेतली ओल मोजणारं एक घड्याळ होतं, पण त्याचा काटा कधीचा अडकलेला. लवूला कान असताना काट्याची गरजच पडली नव्हती. आता दोन पंख्यांच्या घरघरीत कानाला काही ऐकू येत नव्हतं, आणि अंग सांगत होतं, सगळं झकास आहे. समुद्राकाठी वाढलेलं ते अंग. त्याला जे झकास वाटतं, ते कागदाला विष. कुणी राजस्थानी मशीनमन असता, तर सकाळीच नाक मुरडून म्हणाला असता, आज हवेत पाणी आहे. लवू परबाला ते पाणी घरातल्या माणसासारखं वाटलं, आणि एक वाजता एसी थांबल्यावर त्यानं नेहमीपेक्षा दोन बादल्या जास्तच ओतल्या. मोठी खेप, हयगय नको.

सोमवारी सकाळी सहाला त्यानं पडदे बाजूला केले. थप्पीच्या चारी कडा लाटांसारख्या वर-खाली झाल्या होत्या. मधला कागद जागच्या जागी, कडा पाणी पिऊन फुगलेल्या.

त्यानं वरचा कागद उचलला. कानाशी न्यायची गरज नव्हती, तरी नेला. ओल्या कपड्याचा आवाज.

दिवसभर तो लढला. मशीनचा वेग अर्ध्यावर आणला, दाब कमी केला, पिवळा डावीकडे सरकवला तर उजवीकडच्या पानाची दोन पानं झाली, उजवीकडे सरकवला तर डावीकडच्या. कागद मशीनमध्ये ढकलणाऱ्या फीडरमध्येच सुरकुतत होते. नवा कागद घेऊन पहिल्यापासून करायला दोन दिवस हवे होते. गाडी दुपारी चारला येणार होती. कानिटकर चार वेळा जिन्यात येऊन परत गेले.

मिसरी आला तेव्हा हसरा नव्हता. त्यानं एकच लेबल पाहिलं आणि टेबलावर ठेवलं.

"साब, दो दिन," लवू म्हणाला. "सिर्फ दो दिन. हवा बदल गई थी. मेरी गलती."

"लवू, बाटल्या भरून उभ्या आहेत. रमजान तुझ्यासाठी दोन दिवस थांबेल का?"

"जुलाई का माल देखा ना आपने?"

"देखा. म्हणून तर मी स्वतः आलो, फोन नाही केला." त्यानं लवूचा शाईनं माखलेला हात दोन्ही हातांत घेतला. "तू चांगला कारागीर आहेस. पण मला कारागीर नको, मला दर आठवड्याला एक पान पाहिजे."

लेबलं दुबईला गेली. त्या खेपेपुरती नाही, कायमची.

लवूनं पोती उतरवून घड्या घातल्या. घरी आला आणि विजयाला सगळं सांगितलं. तागडीबिगडी तिनं काढली नाही.

"काल सकाळी मी म्हटलंय तुमका, उकाडो हा," ती हळूच म्हणाली.

"म्हटलंस. आणि मी म्हटलंय, माका बरा वाटता." तो दारातल्या पायरीवर बसला. "पंधरा वर्षा हंय काढलंय, पण ह्या कातड्याक अजून कुडाळचीच हवा गोड लागता. त्येनाच घात केलो."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हुसेन मुकादम जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरत आला. हातात शिक्क्यांचा कागद. "लवूभाऊ! मिठाई काढा! मंजूर!"

"काय मंजूर?"

"सूट! त्या साहेबानं विचारलं होतं ना, कुणी खातं का? मी म्हटलं, थांब. दुसरा अर्ज केला. लिहिलं, लबनचं लेबल म्हणजे अन्नाचं आवरण, आणि आवरण म्हणजे अन्नाचाच भाग. बसलं ना बरोबर! छापखाना आता अन्नात मोडतो. एक ते पाच एसी चालू!"

कानिटकरांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर चढवून वाचला. "मुदत एकतीस ऑक्टोबर. हंगामापुरती." त्यांनी तो लवूकडे दिला. "आता तर बाहेरच गार व्हायला लागलंय. असो. परवानगी आली परब, चालवा मशीन."

"काय चालवू?" लवूचा आवाज तळघरात घुमला. "काय छापू त्येच्यावर? तुमची व्हिजिटिंग कार्डा?"

कफीलानं मोठं मशीन विकायचं ठरवलं नव्हतं, आणि ठेवायचं असंही म्हटलं नव्हतं. तो म्हणाला होता, बघू. लवू गेला दीड महिना छोट्या मशीनवर बिलबुकं काढत होता. काळा रंग, एकच रंग. त्यात जुळवायचं काही नसतं.

हुसेन ओशाळून म्हणाला, "पुढच्या वर्षी लवकर अर्ज करू, लवूभाऊ. मेमध्येच."

"आणि लेबला?"

हुसेननं खिशातली पेनं सारखी केली.

मशीनचं एक असतं. फार दिवस फिरवलं नाही, तर रोलर एका जागी दबतात, रबर चपटं होतं, आणि मग ते कुणाच्याच कामाचं राहत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लवूनं बिलबुकांचं काम हातावेगळं केलं, हात पुसले आणि मोठ्या मशीनपाशी गेला. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. एसी सुरू होता, आता हक्कानं. त्यानं तेलाचे थेंब सोडले, बटण दाबलं. रोलर फिरायला लागले. फीडरवर कागद नव्हता.

"परब," वरून कानिटकरांची हाक आली, "काय छापताय?"

"काय नाय," लवू ओरडला, आणि अर्धा तास तसाच उभा राहिला.